हिरव्या टाकीचे झाकण

गच्चीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पाण्याच्या हिरव्या टाकीवर पांढरी चादर टाकलेली होती, चादरीच्या आतून धुपाचे लोट बाहेर येत होते आणि सगळी इमारत डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती, "जुळो! जुळो! जुळो!" तळमजल्यावरच्या पेन्शनर आजोबांना एरवी जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची, आज ते सगळ्यांच्या पुढे उभे राहून आवाज लावत होते. पार्लरवाली बाई गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावता लावता अर्ध्यावर सोडून वर आली होती आणि ते अर्धे रंगलेले गिऱ्हाईकही तिच्या शेजारी उभे राहून ओरडत होते.

चादर हलली. जोडमहाराज बाहेर आले, घामाने निथळत, डोळे लाल करून. त्यांनी एका झटक्यात चादर ओढली.

टाकीच्या कुशीला कालपर्यंत हातभर तडा होता. तो गेला होता. त्याच्या जागी एक जाडसर हिरवी रेघ उमटली होती, जखम भरल्यावर कातडीवर उठते तशी.

"अगं बाई, रंगसुद्धा तोच!" पार्लरवाली किंचाळली. "माझ्याकडे एवढ्या छटा आहेत, पण मला नसता जुळवता आला हो!"

सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता सेक्रेटरी. तो इमारतीच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता आणि ते पद त्याने नाव असल्यासारखे अंगाला चिकटवून घेतले होते. नोकरीत त्याचे कुणी ऐकत नसे, म्हणून इमारतीत तो सगळ्यांना ऐकवत असे. आज मात्र त्याला हुंदका आवरत नव्हता. त्याचे कारण समजून घ्यायचे तर टाकीच्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

टाकी त्यानेच आणली होती. जुनी टाकी लहान होती, तिच्यासाठी बांधलेला कट्टाही लहान होता. सेक्रेटरीने मोठी टाकी घेतली, कारण मोठी टाकी आणणाऱ्याला मोठे वाटते. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, आधी कट्टा वाढवून घ्या, नाहीतर बूड बाहेर लोंबेल." सेक्रेटरी म्हणाला होता, "तुम्ही टाकी विका, मला शिकवू नका." टाकी बसली. तिचे बूड एका बाजूने वीतभर कट्ट्याबाहेर लोंबत राहिले, आणि वर्ष पुरे व्हायच्या आत बरोबर त्याच बाजूला तडा गेला.

मग सुरू झाले सेक्रेटरीचे प्रयोग. त्याने तड्याला सिमेंट थापले, ते खपलीसारखे गळून पडले. डांबर फासले, ते ओघळले. सायकलच्या ट्यूबचे ठिगळ लावले, नाना तऱ्हेचे गोंद ओतले. एकही चिकटला नाही, कारण त्या जातीच्या प्लास्टिकला गोंद धरतच नाही. हे कुणाला विचारले असते तर कळले असते. सेक्रेटरीने विचारले नाही, तो गोंदवाल्याशी भांडून आला.

पाणी जिन्यातून वाहू लागले. पायऱ्यांवर शेवाळ धरले. त्यावर उपाय म्हणून त्याने जिन्यात एक पाटी लावली, 'जिना ओला आहे. जपून उतरावे. हुकमावरून, सेक्रेटरी.' त्याच पाटीखाली त्याची स्वतःची मुलगी घसरली. शाळेला उशीर झाला होता, दोन दोन पायऱ्या उड्या मारत उतरायची तिची सवय होती. नडगीचे हाड मोडून दोन तुकडे झाले.

डॉक्टरांनी पाय तात्पुरता प्लास्टरमध्ये ठेवला आणि फोटो दाखवून समजावले. "तुकडे सरकलेत. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करून आत सळई घालू. वय लहान आहे, पुन्हा पळेल ती."

सेक्रेटरीच्या तोंडावर कुणी काही बोलले नाही. पण इमारतीतला प्रत्येक जण मनात एकच वाक्य घोळवत होता, की याच्या टाकीने याच्याच पोरीचा पाय मोडला. कुणी नुसते "कशी आहे हो मुलगी?" म्हटले, तरी सेक्रेटरीला तेच वाक्य ऐकू येई.

अशा वेळी पार्लरवालीने जोडमहाराजांना आणले. तिच्या बहिणीच्या गल्लीत त्यांनी म्हणे फुटका टब नुसता हात फिरवून सांधला होता. महाराज गच्चीवर आले. त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली, लोंबत्या बुडाखाली वाकून पाहिले आणि विचारले, "ही बसवली कुणी?"

सगळे आपापल्या चपलांकडे पाहू लागले. महाराजांनी एकेकाचा चेहरा न्याहाळला, सेक्रेटरीच्या चेहऱ्यावर थांबले आणि डोळे मिटले.

"बसवणाऱ्याचा काही दोष नाही," ते म्हणाले. "या इमारतीतल्या माणसांच्या मनात तडे आहेत. ते टाकीवर उमटले."

सेक्रेटरीचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत त्याचा दोष नाही म्हणणारा हा पहिला माणूस होता, आणि अशा माणसाच्या पायावर डोके ठेवायला माणूस वेळ लावत नाही.

महाराजांनी विधी सांगितला. "उद्या टाकीला कडक उपास. आत-बाहेर एक थेंब दिसता कामा नये." इमारतीतल्या बायकांनी आपल्या घरचे पंचे आणून टाकी कोरडी केली. "तड्यावर परक्या नजरांचा मळ बसलाय, तो मी खरवडणार. आणि तड्याची दोन्ही टोकं आंधळी आहेत, म्हणून तो वाट फुटेल तिकडे पळतोय. मी त्याला डोळे देणार, म्हणजे तो जागच्या जागी थांबेल." तड्याला डोळे! पेन्शनर आजोबांनी हे वाक्य दिवसभर दारोदार जाऊन ऐकवले. शेवटी निखाऱ्यांची शेगडी आली, मूठ मूठ धूप आला, चादर आली. "मी आत असताना कुणी डोळे उघडले, तर तडा त्याच्या घरात जाईल," महाराज म्हणाले. सगळ्यांनी डोळे घट्ट मिटले. त्यानंतर काय झाले, ते वर सांगितलेच आहे.

चादर ओढून झाल्यावर महाराजांनी उजव्या हाताचा अंगठा उंचावला. त्यावर टपोरा फोड आला होता.

"तड्याचा दाह मी माझ्या अंगावर घेतला," ते म्हणाले. बायकांच्या डोळ्यांना धार लागली. मग ते सेक्रेटरीकडे वळले. "साहेब, ऐका. टाकीचा तडा आणि तुमच्या लेकीच्या हाडाचा तडा वेगळे नाहीत. एकच आहेत. वरचा सांधला, आता खालचा सांधेल. मध्ये लोखंड घालू नका, नाहीतर दोन्ही उघडतील."

गर्दी उतरून गेली. सेक्रेटरी झाकण लावायला एकटा मागे राहिला. झाकणाला कुलूप होते, कुलपाची किल्ली त्याच्या कमरेला असे, ती तो बायकोच्या हातीही देत नसे. आज तेवढी महाराजांना दिली होती, कारण टाकीचा श्वास मोकळा हवा होता. झाकण टाकीमागे पालथे पडले होते. त्याने ते उचलले आणि त्याची बोटे काठाखालून फिरता फिरता थांबली.

झाकणाची आतली कड कापलेली होती. बोटभर रुंदीची लांब हिरवी पट्टी कुणीतरी पात्याने सफाईने सोलून नेली होती. काप इतका ताजा होता की चकाकत होता.

शेंबड्या पोराला कळले असते. सेक्रेटरीलाही कळले. तो झाकण हातात धरून बराच वेळ उभा राहिला. पट्टी कापली म्हणजे चमत्कार नाही. चमत्कार नाही म्हणजे दृष्ट नाही, मनांतले तडे नाहीत, मग उरते काय? लोंबते बूड, आणि ते बसवणारा माणूस. त्याने झाकण टाकीवर ठेवले, कापलेली बाजू कठड्याकडे, जिथे उभे राहायला जागाच नव्हती, तिकडे वळवली, कुलूप लावले आणि किल्ली कमरेला अडकवली. त्याआधी आत हात घालून त्याने पाणी अडवणारा फ्लोट वाकवून ठेवला, म्हणजे टाकी अर्ध्याच्या वर भरू नये. श्रद्धा काठोकाठ होती, फक्त टाकी काठोकाठ भरायची हिंमत नव्हती.

खाली घरात त्याची मेहुणी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि भाचीची शुश्रूषा करायला सुट्टी काढून आली होती. जीभ तिखट, हात स्थिर. ओट्यावर न्हाणीघरातली फुटकी बादली होती आणि गॅसवर उलथने लाल होत होते.

"या भाऊजी, बसा. चादर टाकत नाही मी, नीट दिसेल," ती म्हणाली.

सेक्रेटरीची बायको दारात उभी राहून पदराशी चाळा करत होती. आतल्या खोलीत मुलगी खाटेवर पाय लांब करून पडली होती, मधले दार उघडेच होते.

मावशीने बादली फडक्याने कोरडी केली. "हा उपास." ब्लेडने तड्याच्या कडा खरवडल्या. "हा मळ." तापलेल्या सुईने तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडली. "हे डोळे. भोक पाडलं की चिरेचा जोर तिथे संपतो, ती पुढे पळत नाही. यात दृष्टबिष्ट काही नाही." मग तिने आधी एका मोडक्या मगाची पट्टी तड्यावर ठेवून उलथन्याने दाबली. पट्टी वितळली, गार झाली आणि नखाने उचकटताच सुटून आली. "हे वेगळ्या जातीचं प्लास्टिक. एकात एक मिसळत नाही." मग बादलीच्याच काठाची पट्टी कापून तेच केले. खालचे आणि वरचे प्लास्टिक एकदमच मऊ झाले, एकमेकांत मुरले. घरभर जळका वास सुटला.

"हा वास लपवायला मूठभर धूप लागतो," मावशी म्हणाली, "आणि गरम उलथनं हाताळताना अंगठा भाजतो." तिने नळाखाली बादली भरली. थेंब गळला नाही.

"बादली आणि टाकी एक कशी होईल?" सेक्रेटरी म्हणाला.

"टाकी आणि पोरीचं हाड एक होतं, मग बादली आणि टाकी का नाही?"

बायको तोंडावर पदर धरून हसली आणि लगेच गप्प झाली.

"टाकीवरची पट्टी हिरवी आहे, भाऊजी. नेमक्या त्या छटेचं सुटं प्लास्टिक बाजारात मिळत नाही. म्हणजे पट्टी टाकीच्याच कुठल्या तरी भागातून आली. मला गच्चीवर घेऊन चला आणि झाकणाची किल्ली द्या. खरं-खोटं लगेच कळेल."

सेक्रेटरीचा हात कमरेशी गेला आणि किल्लीभोवती आवळला.

"किल्ली मिळणार नाही."

"का?"

"कारण मी सेक्रेटरी आहे!"

आतून मुलीचा आवाज आला. "द्या ना बाबा किल्ली. बघू तरी दे तिला."

तेव्हा त्याने किल्ली दिली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पोरीचा पाय सरळ राहिला असता आणि एक माणूस चारचौघांत थोडासा लाजला असता. सेक्रेटरीने मनात दोन्ही तोलून पाहिले, आणि त्याला आपली लाज जड वाटली.

"तू झोप!" तो आतल्या खोलीकडे ओरडला. मग मेहुणीकडे वळला. "आणि मास्तरीणबाई, तुम्ही तुमची पिशवी उचला. माझ्या घरात शंका नकोय मला."

"अहो, पोरीच्या पायाशी नका हो खेळू," बायको रडत म्हणाली.

"बाप आहे मी तिचा. वैरी नाही." त्याने तिच्यादेखत दवाखान्यात फोन करून ऑपरेशन रद्द केले.

पाय सांधायचा सोहळा गच्चीवर झाला. चादर तीच होती, तिच्यावर टाकीच्या हिरव्या प्लास्टिकचा एक वाळलेला ठिपकाही होता. कुणाच्या लक्षात आला नाही. मुलीला खुर्चीवर बसवले, प्लास्टर कापून काढले. "हाडाला श्वास हवा," महाराज म्हणाले. त्यांनी पायावर चादर टाकली आणि आत हात घातला. हाडाला ना पट्टी लागते ना उलथने, त्यामुळे आत काय करायचे ते त्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी नुसते चोळले.

मुलगी किंचाळली.

"ओरडू नकोस, बाळ. ओरडलीस तर तडा उघडेल आणि दोष तुला लागेल."

मुलीने फ्रॉकची बाही तोंडात कोंबली. इमारत ओरडत होती, "जुळो! जुळो!" त्या गदारोळात तिच्या घशातला आवाज फक्त तिच्या आईला ऐकू येत होता.

"ऊठ. टाकीपर्यंत चालत जा. तुझ्या बहिणीला हात लाव."

ती उठली नाही. तिने बापाकडे पाहिले. सेक्रेटरीने दोन्ही हात वर करून, हसून, लहान मुलाला पहिले पाऊल टाकायला बोलवावे तशी खूण केली. आणि ती चालली. मोडक्या नडगीवर अंगाचा भार टाकून ती टाकीपर्यंत गेली, कारण बाप हसत होता. तिने टाकीला हात लावला आणि जागच्या जागी कोसळली. पण हात लागला होता! गच्ची दणाणली. पेन्शनर आजोबांनी काठी उडवून झेलली.

"पडली ती का?" महाराजांनी बोट वर केले. "या घरात कुणीतरी अजून शंका घेतंय."

सगळ्यांच्या नजरा मुलीच्या आईवर गेल्या. तिने मान खाली घातली. पोरीला उचलायला वाकलेली ती बाई त्या नजरांनी तशीच वाकून राहिली.

पुढे दीड-दोन महिने सेक्रेटरीची चंगळ होती. गल्लीतल्या गल्लीत त्याच्या इमारतीचे नाव झाले. लंगडे, पांगळे, संधिवाताचे, स्लिप डिस्कचे असे नाना लोक जिन्यात रांग लावू लागले आणि सेक्रेटरी त्यांना क्रमांक देऊ लागला. "माझी स्वतःची मुलगी बरी झाली," तो प्रत्येकाला सांगे. मुलगी घरात खाटेवर असे. हाड जुळत होते, जिवंत हाड जुळतेच, पण जसे ठेवावे तसे जुळते. तिचा पाय गुडघ्याखाली बाहेर वळला होता आणि दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. ती भिंतीला धरून चाले तेव्हा सेक्रेटरी वर्तमानपत्र उंच धरून वाचत बसे.

मग महाराजांच्या सत्काराचा दिवस आला. गच्चीवर खुर्च्या मांडल्या, टाकीसमोर महाराजांसाठी गादी घातली. मुलीला पहिल्या रांगेत बसवले, नमुना म्हणून. सभा सगळ्यांना खुली होती, त्यामुळे मावशीही आली आणि मागे कठड्याला टेकून उभी राहिली.

भाषणे सुरू होणार तेवढ्यात पेन्शनर आजोबांनी काडी टाकली. "सेक्रेटरी, टाकी बरी झाली ना? मग पाणी अर्धंच का हो चढतं? दुपारी आमचे नळ कोरडे!"

"आज भरूया काठोकाठ!" पार्लरवाली म्हणाली. "महाराजांच्या समोर!"

"पाण्याचा फार मोह नको," महाराज घाईने म्हणाले.

"हो हो, मोह नको," सेक्रेटरी त्याहून घाईने म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघांनाही कळले, की समोरच्याला ठाऊक आहे.

"अहो महाराज, तुमच्याच हाताला कमीपणा येतोय की!" पार्लरवाली म्हणाली. "भरा, भरा!" सगळे म्हणू लागले. आता नाही म्हणायला तोंडच उरले नव्हते. सेक्रेटरीने वर चढून, कुलूप काढून फ्लोट सरळ केला, पुन्हा कुलूप लावले आणि पंप सुरू केला.

पाणी चढत गेले, भाषणे रंगत गेली. महाराज गादीवर बसल्या बसल्या हळूहळू बाजूला सरकत होते. "या हातांनी लोखंड न लावता..." असे पेन्शनर आजोबा म्हणत असतानाच टाकी करकरली. हिरवी रेघ शाबूत राहिली, पण तिच्या शेजारून, लोंबत्या बुडापासून नवी चीर सरसर वर गेली आणि टाकीचे पोट उघडले. पाण्याच्या लोंढ्याने महाराजांना गादीसकट उचलून पहिल्या रांगेच्या पायांत आणून टाकले. त्यांची झोळी फाटली. तिच्यातून पाते, हाताने फिरवायचे छोटे ड्रिल आणि एक उलथने बाहेर पडले. उलथन्याच्या पात्यावर हिरव्या प्लास्टिकची साय धरली होती. वर टाकी पिळवटली, कुलपाची कडी तुटली आणि झाकण गडगडत जाऊन मावशीच्या पायाशी पालथे पडले.

पहिला फटका सेक्रेटरीने मारला. दुसराही त्यानेच. "माझ्या पोरीच्या जिवाशी खेळलास?" तो ओरडत होता, आणि ज्याला सगळ्यांत आधी कळले होते त्याचाच हात सगळ्यांत जोरात चालत होता. बाकीचेही धावले.

"थांबा!" मावशीने शाळेतला आवाज काढला. "मारून काय कळणार आहे? त्याला काम करायला लावा. इथेच, उन्हात, चादरीशिवाय."

शेगडी आणली. महाराजांनी फुटलेले ओठ पुसले, उकिडवे बसले आणि कामाला लागले. पुसले, खरवडले, भोके पाडली. झाकणाची आणखी एक पट्टी सोलली, पहिल्या कापाला लागून, आणि उलथन्याने दाबत दाबत ती टाकीत जिरवली. हात कसलेला होता. लोक तोंड उघडे टाकून पाहत होते. ज्यासाठी त्यांनी डोळे मिटले होते ते एवढेच होते.

"कुठे शिकलास?" मावशीने विचारले.

"कुठे म्हणजे? धंदाच तो. वर्षानुवर्षं दारोदार बादल्या, टब सांधत फिरलो. लोक घासाघीस करायचे, उन्हात उभं करायचे. एकदा डोळ्यांत धूर जातो म्हणून चादर पांघरून काम केलं, तर एक बाई पाया पडली. त्यानंतर कुणी घासाघीस केली नाही."

"आणि ही पुन्हा फुटणार, हे ठाऊक नव्हतं तुला?"

"पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. बूड बाहेर लोंबतंय ना. नुसती चीर सांधून काय उपयोग, आधी कट्टा वाढवायला हवा."

"मग बोलला का नाहीस?"

"विचारलं होतं की, कुणी बसवली म्हणून. सगळे गप्प. एकाचा चेहरा पडला. तेव्हाच कळलं, इथे आपलं जमणार." त्याने अंगठ्याच्या जुन्या डागावर थुंकी लावली. "टाकी मला येते, बाई. हाड नाही येत. पण साहेबांना दोन्ही एकदम हवं होतं."

मग हळूहळू एकेकाची जीभ मोकळी झाली. "मला तर पहिल्यापासूनच शंका होती," पेन्शनर आजोबा म्हणाले. "मलाही! वास यायचा ना प्लास्टिकचा," पार्लरवाली म्हणाली. "पण कमाल आहे, एवढं झाकण कापलेलं, कुणाला दिसलं कसं नाही?"

"या भामट्याने लपवलं असेल!" सेक्रेटरी सगळ्यांच्या वर आवाज चढवून म्हणाला.

पहिल्या रांगेत, ओल्या खुर्चीवर बसलेल्या मुलीने बापाच्या कमरेला लटकणाऱ्या किल्लीकडे पाहिले.

डॉक्टरांनी नवा फोटो काचेवर लावला. "वाकडं जुळलंय," ते म्हणाले. "आता भूल देऊन हाड पुन्हा मोडावं लागेल. मग सळई. पाय सरळ होईल, पण थोडा आखूडच राहील. पळण्याबद्दल मी आता काही कबूल करत नाही."

ऑपरेशनच्या सकाळी मुलगी स्ट्रेचरवर पडून होती. आई नर्सकडे गेली होती, मावशी औषधे आणायला. सेक्रेटरी उशाशी उभा राहून तिची चादर उगाच सारखी करत होता.

"बाबा, झाकणाचं कुलूप तुम्हीच लावता ना?" मुलीने विचारले.

त्याचा हात चादरीवर थांबला.

"पहिल्या दिवशीही तुम्हीच लावलं होतं. मी खाली झोपले होते, तुम्ही बऱ्याच वेळाने आलात."

"मला वाटलं..." तो चादर पुन्हा सारखी करू लागला. "मला वाटलं, तू बरी होशील."

"नाही," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते ऐकणे त्याला रागापेक्षा कठीण गेले. "तुम्हाला वाटलं, तुम्हाला कुणी बोलणार नाही. मी चालले तेव्हा तुम्ही हसत होतात, बाबा. मला वाटलं, तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे म्हणून हसताय."

सेक्रेटरी उशाजवळच्या स्टुलावर बसला.

"डॉक्टरकाकांनी काल मला सगळं चित्र काढून दाखवलं," ती पुढे म्हणाली. "कुठे कापणार, कुठे मोडणार, सळई कुठून घालणार. किती दुखेल तेही सांगितलं. मी विचारलं तेवढं सगळं सांगितलं, डोळे मिट म्हणाले नाहीत. बाबा, यापुढे कुणीही काहीही जोडून देतो म्हणाला ना, टाकी असो की हाड, तर त्याला आधी चादर काढायला सांगा. नाही म्हणाला तर तिथून उठा. आणि कुणी किल्ली मागितली, तर द्या."

नर्स आली. "आत दरवाजापर्यंत कोण येणार सोबत?"

"बाप आहे मी," सेक्रेटरी स्टुलावरून उठत म्हणाला.

"आई आणि मावशी येतील," मुलगी म्हणाली, आणि नर्सने स्ट्रेचर वळवले.